पेरी कोमो : शब्द पोचवणारा गायक

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत घराघरांत ऐकल्या गेलेल्या पेरी कोमो यांच्याबद्दल आजही एक समज पक्का आहे : हा माणूस मुळातच निवांत, म्हणून त्याचं गाणंही निवांत. निवांतपणाचा शोधच याने लावला, असं गायक बिंग क्रॉस्बी म्हणाले होते. ते कौतुक इतकं चिकटलं की कोमो गातात कसे, याकडे बारकाईने बघायची गरज कोणाला वाटेनाशी झाली. स्वभावातून आपोआप उतरलेल्या गोष्टीचं श्रेय कलावंताला कोण देणार? मला हा मोठा अन्याय वाटतो. कानाला सोपं लागणारं ते गाणं कमावलेलं होतं, आणि याची साक्ष त्यांच्या कारकिर्दीतच सापडते.

कोमोंचा जन्म 18 मे 1912चा, पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्ग या कारखान्यांच्या गावातला. आईवडील इटलीहून आलेले, वडील पत्र्याच्या कारखान्यात कामगार, घरात भावंडं पुष्कळ. घरची भाषा इटालियन. इंग्रजी ते शाळेत गेल्यावर बोलायला लागले. पोरवयातच न्हाव्याच्या दुकानात काम धरलं आणि चौदाव्या वर्षी स्वतःचं दुकान चालवू लागले. 1933मध्ये फ्रेडी कार्लोन यांच्या वाद्यवृंदात शिरले, त्याच वर्षी रोझेल बेलीन यांच्याशी लग्न झालं, आणि 1936मध्ये टेड वीम्स यांच्या नावाजलेल्या वाद्यवृंदात जागा मिळाली. खरी गोष्ट इथून सुरू होते. शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओने वीम्स यांना बजावलं, की नवा गायक सुधारला नाही तर तुमचं प्रक्षेपण बंद करू. वीम्सनी एका रात्री कोमोंना शेजारी बसवून त्यांच्याच गाण्यांचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. कोमो हादरले, कारण गाण्यातले शब्द कळतच नव्हते. गळ्याच्या करामती सोड आणि मनापासून गा, एवढंच वीम्सनी सांगितलं. जन्मजात निवांत गायकाला हे सांगावं लागत नाही. पुढे ज्या साधेपणासाठी कोमो ओळखले गेले, तो असा कान टोचल्यावर आलेला होता.

हा धडा नेमका तेव्हाच का महत्त्वाचा ठरला, हे समजायला मायक्रोफोनकडे पाहावं लागतं. त्याआधी नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणं हेच गायकाचं पहिलं काम असे. मायक्रोफोनने ती सक्ती काढून घेतली, पण बदल्यात श्वास, ओठांची हालचाल, व्यंजनाचा शेवट असं सगळं उघडं पाडलं. हळू गाताना चूक लपवायला जागाच उरत नाही. आपल्याकडे जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांच्या भावगीतालाही तबकडी आणि रेडिओच्या त्याच काळाने बळ दिलं. तिथेही कवितेचा शब्द नीट पोचला पाहिजे हीच पहिली अट होती, त्यामुळे मराठी कानाला ही कसोटी परकी वाटू नये. कोमोंची ही कसोटी कडक रीतीने लागली. 1942मध्ये वीम्स यांचा वाद्यवृंद मोडला, कोमो गावी परतून पुन्हा दुकान टाकायच्या विचारात होते; तेवढ्यात न्यूयॉर्कहून रेडिओचं बोलावणं आलं आणि 1943मध्ये आरसीए व्हिक्टर या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार झाला. त्या वेळी अमेरिकेतल्या वादकांचा ध्वनिमुद्रणावर बहिष्कार चालू होता. म्हणून ‘गुडबाय, स्यू’ ही कंपनीसाठीची पहिली ध्वनिमुद्रिका त्यांनी वाद्यांशिवाय, फक्त गायकवृंदाच्या साथीवर केली. आधाराला वाद्यवृंद नसताना नुसत्या आवाजावर गाणं तोललं गेलं, ते शब्द स्वच्छ झाले होते म्हणूनच.

यावर कोणी म्हणेल, की ही कीर्ती गाण्यापेक्षा दूरचित्रवाणीने मिळवून दिली. स्वेटर घातलेला, हसरा, घरातल्यासारखा माणूस लोकांना आवडला, इतकंच. तारखा तसं सांगत नाहीत. संगीतकार शोपाँच्या एका पोलोनेझवर बेतलेलं ‘टिल द एंड ऑफ टाइम’ 1945मध्ये दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. कोमो दूरचित्रवाणीवर आले 1948मध्ये. शिवाय 1955पासून एनबीसीवर शनिवारी रात्री दर आठवड्याला तासभर, तेही थेट प्रक्षेपणात, आवाज न ढळू देता उभं राहणं हे नुसत्या हसऱ्या चेहऱ्याचं काम नव्हे. साप्ताहिक कार्यक्रम 1963मध्ये थांबला. त्यानंतर सात वर्षांनी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गायलेलं ‘इट्स इम्पॉसिबल’ पुन्हा पहिल्या दहांत गेलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : या गाण्यात वेदना नाही, धोका पत्करणं नाही, फ्रँक सिनात्रांच्या आवाजातली जखम इथे कुठे आहे? यातला काही भाग मान्य करायलाच हवा. कोमोंनी बरीच थिल्लर, गमतीची गाणी गायली, आणि त्यांतली कित्येक आज ऐकवत नाहीत. पण सिनात्रा गाण्यात स्वतःचं चरित्र ओततात, कोमो स्वतःला मागे ठेवतात. दोन्ही निवडी आहेत, आणि दुसरी सोपी नाही. गायकाने स्वतःचं दुःख पुढे केलं नाही तर ऐकणाऱ्याला आपलं दुःख त्या ओळींत ठेवायला जागा मिळते. 1965मध्ये त्यांनी कंट्री संगीताच्या नॅशव्हिलला जाऊन चेट अॅटकिन्स यांच्या निर्मितीत ‘द सीन चेंजेस’ ही ध्वनिमुद्रिका केली, तिथेही हेच दिसतं : साथ बदलली, प्रांत बदलला, शब्द ठेवण्याची पद्धत तीच. ‘कॅच अ फॉलिंग स्टार’ला मार्च 1958मध्ये अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाची पहिली अधिकृत सुवर्ण तबकडी मिळाली, पुढच्या वर्षी पहिल्याच ग्रॅमी समारंभात त्याच गाण्यासाठी ते उत्कृष्ट गायक ठरले. या मानांपेक्षाही मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की 1943 ते 1987 एवढा काळ ते एकाच कंपनीसाठी गायले आणि तेवढ्या वर्षांत शब्दांची ती स्वच्छता त्यांनी सोडली नाही.

12 मे 2001 रोजी, एकोणनव्वदाव्या वाढदिवसाला सहा दिवस असताना, ते फ्लोरिडात गेले. ज्यांनी त्यांना केवळ पार्श्वभूमीला लावायचं संगीत म्हणून ऐकलं असेल त्यांनी ‘गुडबाय, स्यू’ आणि ‘इट्स इम्पॉसिबल’ एकामागून एक, दुसरं काही न करता ऐकावीत, आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द कसा सोडला आहे तिकडे लक्ष द्यावं.