राजकीय आवाहनाचे नैतिक अधिष्ठान

राजकीय वक्तृत्वातील नीतीचे आवाहन शब्दांच्या उदात्ततेने प्रभावी ठरते की वक्त्याच्या आचरणाने, हा प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलने मन वळविण्याची तीन साधने सांगितली : वक्त्याचे शील, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद. यांतील पहिल्याचे सामर्थ्य व मर्यादा हैदराबाद संस्थानातील १९३८ च्या सत्याग्रहात दिसतात. आज हिंगोली जिल्ह्यात असलेले कळमनुरी त्या काळी याच संस्थानाच्या परभणी जिल्ह्यात होते.

नागरी हक्क व जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या स्टेट काँग्रेसला निजाम सरकारने जातीय ठरवून सप्टेंबरात तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. संन्यासी स्वामी रामानंद तीर्थ यांनी कारावास पत्करला. त्यागाने वाणीस वजन आले. परंतु त्याच सुमारास आर्य समाज व हिंदू महासभा यांचे स्वतंत्र सत्याग्रह चालू असल्याने हेतूंतील भेद पुसट होऊन सरकारी आरोपास आधार मिळू लागला. अखेर गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबरात काँग्रेसने सत्याग्रह स्थगित केला.

यावरून असे दिसते की, केवळ क्लेश सोसणे पुरेसे नसते. ते कशासाठी सोसले, हेही श्रोत्यास निःसंदिग्धपणे कळावे लागते. ही स्पष्टता राखण्याची किंमत मोठी होती. बंदी १९४६ पर्यंत उठली नाही आणि संस्थानाचा प्रश्न सुटला तो सप्टेंबर १९४८ मधील लष्करी कारवाईने. नैतिक आवाहन पक्षाला विश्वासार्हता देते. सत्ता नमविण्याची हमी देत नाही.