अठराशेच्या पुढचे चार आकडे

जालन्याचं गिऱ्हाईक जालन्यापुरतं नसतं. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे ‘महिको’ सुरू केली आणि इथल्या बियाण्याची पिशवी राज्याबाहेरच्या शेतांवरही पोचली. जालन्यातल्या मस्तगडच्या एखाद्या बियाणेवाल्यालाही मृगाच्या तोंडावर परतूर-मंठ्याहून आणि थेट बुलढाणा-परभणीहून फोन येऊ शकतात. पाकिटावर ग्राहकांच्या तक्रारीसाठी फोन नंबर छापणं २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनी बंधनकारक आहेच. मग कोणता छापायचा? दुकानातल्या पोऱ्याचा मोबाईल छापला आणि पुढच्या हंगामात पोऱ्या शेजारच्या दुकानात गेला, की गिऱ्हाईकही त्याच्या मागोमाग जातं. टोल फ्री नंबरचा खरा उपयोग इथे आहे.

या नंबरला स्वतःची तार नसते. कुणी १८०० लावला की टेलिफोन कंपनीचा संगणक त्यामागे नोंदवलेला खरा नंबर शोधतो आणि कॉल तिकडे वळवतो. सकाळी दुकानात, रात्री मालकाच्या मोबाईलवर, कसंही लावता येतं. पैसे फोन घेणाऱ्याच्या बिलात पडतात. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १९६७ मध्ये ही सोय आणली. तिथे डायलवरच्या अक्षरांतून शब्द जुळवायची चाल पडली. फुलं विकणाऱ्या एका कंपनीचं नावच तिचा नंबर आहे. आपल्याकडे हे रुजलं नाही. आपण नंबर कानाने लक्षात ठेवतो.

म्हणून चांगला नंबर कागदावर पाहून ठरवू नये, मोठ्याने म्हणून पाहावा. १८०० नंतरचे दोन-तीन आकडे टेलिफोन कंपनीच्या वाट्याचे असतात. आपल्या पसंतीला उरतात ते बहुधा शेवटचे चार. महावितरणने १८००-२१२ आणि १८००-२३३ या दोन्हींवर शेपूट एकच घेतलं: ३४३५. चौतीस-पस्तीस! लाईट गेल्यावर अंधारातही आठवेल असा. २००४ मध्ये सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरचा १५५१ उलटा वाचला तरी तोच. आधारचा १९४७ कुणालाही पाठ करावा लागत नाही. स्टेट बँकेला २०२२ मध्ये १८०० १२३४ असा आठच आकड्यांचा मिळाला. तो मान आपल्या दुकानाला मिळेल ही आशा सोडा. उलट सहा, सात, नऊ यांची गर्दी असलेला नंबर गोंगाटात हमखास चुकतो. ६७ सांगताना मराठी माणूस सदुसष्ट म्हणेल, हिंदी माणूस सडसठ, आणि दुकानातला मुलगा सिक्स सेव्हन.

आता पैशांचं. फॅन्सी नंबरचे जादा पैसे मागितले जातात आणि घासाघीसही होते. पण नंबर विकत घेतला म्हणजे तो आपला झाला, हा समज काढून टाकावा. नंबर ही सरकारी संपत्ती. कंपनी ती वापरायला देते. अमेरिकेत १९९३ पासून टोल फ्री नंबर घेऊन कंपनी बदलता येते आणि नंबर साठवून विकण्यावर १९९७ पासून बंदी आहे. आपल्याकडे २०११ मध्ये देशभर सुरू झालेली पोर्टिंगची सोय मोबाईल नंबरांसाठी आहे. त्यामुळे आकड्यांइतकीच कंपनीही पारखून घ्यावी. मधला एजंट असेल तर कागदपत्रं त्याच्या नावावर आहेत की आपल्या फर्मच्या, हे पहिल्या दिवशी पाहावं. एजंटाशी बिनसलं तर पाकिटांवर छापलेला नंबर त्याच्याकडे राहतो. आणि १८०० च्या नावाखाली कुणी १८६० गळ्यात मारत असेल तर सावध. तिथे फोन करणाऱ्यालाही पैसे पडतात.

एवढं करून फोन फुकट लागण्याचं अप्रूप राहिलंय का? आपल्या लोकांनी मिस्ड कॉलचा उपाय कधीच काढला होता. त्याच्यावर उभी राहिलेली बेंगळुरूची झिपडायल ही कंपनी २०१५ मध्ये ट्विटरने विकत घेतली. २०१६ मध्ये जिओ आलं आणि कॉलचे पैसे मोजणंच संपत गेलं. माझ्या मते छोट्या दुकानाला फॅन्सी नंबरवर मोठी रक्कम घालायची गरज नाही. साधा, म्हणायला सोपा १८०० घ्या, तो फर्मच्या नावावर ठेवा, आणि पेरणीच्या दिवसांत तो उचलायला माणूस बसवा. माणूस बसवणं जमणार नसेल, तर नंबर घेऊच नका.