उपकार पुढे का जातो?

अनोळखी माणसाने केलेल्या मदतीची परतफेड आपण तिसऱ्याच कुणाला का करतो? बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या मोनिका बार्टलेट आणि डेव्हिड डेस्टेनो यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग याचं छान उत्तर देतात.

संगणकावरचं कंटाळवाणं काम संपत आलं, की सहभागी व्यक्तीचा पडदा अचानक काळा पडे. आता सगळं पुन्हा करावं लागणार, या विचाराने ती वैतागलेली असतानाच शेजारची अनोळखी बाई (खरं तर संशोधकांचीच सहकारी) वायर तपासून पडदा सुरू करून देई. पुढे एका परक्या व्यक्तीने रटाळ प्रश्नावली भरून मागितली, तेव्हा मदत मिळालेल्यांनी तिच्यासाठी अधिक वेळ दिला. विनोदी चित्रफीत पाहून खूश झालेल्यांनी तेवढा दिला नाही. म्हणजे हे काम नुसत्या आनंदाचं नव्हे, कृतज्ञतेचं.

मात्र मदत कुणी केली होती, याची आठवण करून दिल्यावर परक्यासाठीचा हा उत्साह ओसरला. कृतज्ञता नेमकी कुणामुळे वाटते आहे हे लक्षात नसतं, तोवरच ती समोर येईल त्याच्याकडे वळते. म्हणून कुणी अडल्या वेळी धावून आलं, तर त्याच दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी मदतीला जा. हिशेब मांडत बसू नका.