कोंबडीचा घसा : आधी पाहा, मग औषध द्या



उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते. मधल्या दिवसांत मीठ-मिरची आणि मुलांच्या वह्या कशावर निघतात, ते घरातल्या बाईमाणसाला विचारावे. दहा-पंधरा गावरान कोंबड्यांची अंडीच कितीतरी घरांत ही नड भागवतात. म्हणून कोंबडी आ करून श्वास घेऊ लागली किंवा दाणा गिळेना झाली, की घालमेल होते आणि दुकानातली कसलीशी पुडी पाण्यात कालवली जाते. आमचे सांगणे एवढेच, की आधी दुखणे ओळखावे.

गिळता येत नसेल तर

सकाळी दाणा टाकण्याआधी कोंबडी हातात घ्या आणि गळ्याखालची अन्नपिशवी चाचपा. ती रिकामी लागली पाहिजे. दगडासारखी घट्ट लागली, तर पाचटाचे धागे, लांब गवत किंवा सुतळी अडकलेली असते. चमचाभर खाण्याचे तेल थोडे थोडे चोचीच्या कडेने सोडा, हलक्या हाताने चोळा, दिवसभर दाणा बंद ठेवून फक्त पाणी द्या. कोंबडी उलटी धरून पिशवी दाबू नका. पाणी श्वासनळीत जाऊन ती जागीच मरते. दुसऱ्या दिवशी फरक नसेल तर दवाखाना गाठा.

मग चोच उघडून पाहा. तोंडात पिवळट पापुद्रे असतील तर बहुधा देवीचा रोग. ते ओरबाडू नका, रक्त येते. घशात बारीक पांढऱ्या पुटकुळ्या असतील तर 'अ' जीवनसत्त्व कमी पडले असण्याचा संभव. पिवळा मका आणि लसूणघास द्यावा.

दम लागत असेल तर

भर उन्हात सगळ्याच कोंबड्या पंख पसरून धापा टाकतात, तो रोग नव्हे. सावली आणि गार पाणी पुरे. एखादीच मान लांबवून आ करते, डोके झटकते, तर श्वासनळीत तांबडे जंत असू शकतात. ते गांडुळांतून येतात. तोंड सुजून नाकाला घाण वास येत असेल, रात्री घरघर ऐकू येत असेल, तर जंतूंचा संसर्ग समजावा. औषध डॉक्टरांनीच ठरवावे आणि ते सांगतील तितके दिवस अंडी खाऊ-विकू नयेत.

आपल्या भागात खुराड्यात बगॅस टाकतात. तो ओला होऊन बुरसला, की बुरशी फुप्फुसात जाते. पिल्ले पटापट मरतात. बगॅस कोरडाच वापरा.

मानमोडी

धाप, हिरवी हगवण, लुळे पाय आणि वाकडी मान ही राणीखेत, म्हणजे मानमोडी. हिच्यावर औषध नाही, लसच आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात किंवा नाकात थेंबाने, पुन्हा चौथ्या आठवड्यात, आणि सुमारे आठव्या आठवड्यात 'आर-टू-बी' टोचून. आजारी कोंबड्या बाजारात नेऊ नका, रोग गावभर होतो. एकदम बऱ्याच मेल्या तर त्यांना हात न लावता दवाखान्याला कळवा. 2006 साली नवापूरचा बर्ड फ्लू आपण विसरलेलो नाही.

लस बर्फात आणावी लागते आणि बाटली फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते. एका बाटलीत शंभर किंवा जास्त कोंबड्यांचे भागते. दहा कोंबड्यांसाठी एकट्याला ती परवडत नाही, म्हणून कुणीच आणत नाही आणि वस्तीच्या वस्ती रिकामी होते. दहा घरांनी मिळून एक बाटली आणावी. कारखाना आपण असाच उभा केला. खुराडे वाचवणे त्याहून अवघड नाही.