अथाल : नदीकाठचे गाव आणि त्याची जमीन

सिल्व्हासा व नरोली यांना जोडणाऱ्या मार्गावर, दमणगंगेच्या काठी अथाल हे गाव वसले आहे. नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावलेली ही नदी पुढे दमण येथे अरबी समुद्रास मिळते.

या परिसराचा पूर्वेतिहास इतरांनी केलेल्या करारांचा आहे. मराठा आरमाराने पोर्तुगीजांचे ‘सांताना’ जहाज पकडले होते. त्या वादाच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी १२,००० रुपये वार्षिक वसुलाची गावे देण्याचे मान्य केले व १७८३ मध्ये नगरहवेली पोर्तुगीजांकडे गेली. तहात वसुलाचा आकडा नमूद झाला. येथे राहणाऱ्या वारली, कोकणा व धोडिया लोकांच्या संमतीचा प्रश्न उपस्थितही झाला नाही.

२८ जुलै १९५४ रोजी नरोली व २ ऑगस्टला सिल्व्हासा मुक्त झाले; १९६१ मध्ये प्रदेश भारतात विलीन झाला. तथापि पोर्तुगीज अमदानीतील ‘आल्वारा’ व ‘तेरें’ या जमीनधारणेच्या पद्धती त्यानंतरही काही काळ टिकून होत्या. त्या रद्द करण्यासाठी १९७१ चा जमीन सुधारणा विनियम करावा लागला. पुढे करसवलतींमुळे प्रदेशात कारखाने आले व जमिनीस नवे गिऱ्हाईक मिळाले. २०२० मध्ये प्रदेश दमण व दीवशी जोडला गेला.

तेव्हा या भागात सेवेस जाणाऱ्याने कुटुंबाची विचारपूस करताना, शेत कोणते व ते आज कोणाच्या नावे आहे, हेही आस्थेने विचारावे. गावाचा खरा इतिहास त्या उत्तरात आहे.