ऑपरेशननंतर छाती दुखते : डॉक्टरांकडे केव्हा जावे?

स्तनाचा कर्करोग झाला, तर कधी कधी बाईचा स्तन काढावा लागतो. त्या जागी डॉक्टर सिलिकॉनची एक मऊ पिशवी बसवू शकतात. तिला इम्प्लांट म्हणतात. पिशवीत मिठाचे पाणी असते, नाहीतर सिलिकॉनचा दाट गर असतो. गराची अशी पिशवी पहिल्यांदा १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात एका बाईला बसवली गेली. आता आपल्याकडेही मोठ्या शहरांत हे ऑपरेशन होते. काही बाया आजार नसतानाही, बांधा बदलावा म्हणून ते करून घेतात.

ऑपरेशन होते, बाई घरी येते. पुढे कधीतरी छाती दुखू लागते. सांगायचं कोणाला? सासऱ्यांसमोर बोलवत नाही. नवऱ्याजवळ बोलायलाही संकोच वाटतो. मग ती पदर सावरून गप्प बसते. पण दुखणे झाकले म्हणून बरे होत नाही. साधे दुखणे कोणते आणि धोक्याचे कोणते, ते समजून घेऊ.

साधे दुखणे

ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे छाती दुखते, ताणल्यासारखी वाटते. जखम भरत असते, म्हणून असे होते. मात्र हे दुखणे दिवसेंदिवस कमी व्हायला हवे. कमी न होता वाढत गेले, तर डॉक्टरांना विचारावे.

त्याच दिवशी जावे

छाती लाल आणि गरम झाली, ताप आला, हुडहुडी भरली, जखमेतून पू किंवा घाण पाणी येऊ लागले, तर जखम चिघळली असे समजावे. टाके उसवले, किंवा एक बाजू एकाएकी फुगून टणक झाली, तरी थांबू नये. आत रक्त साचलेले असू शकते.

धाप लागली, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, किंवा छातीवर दाब येऊन घाम फुटला आणि कळ हाताकडे अगर जबड्याकडे गेली, तर १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी. छातीतली प्रत्येक कळ पिशवीचीच असते असे नाही. ती काळजाचीही असू शकते.

महिन्यांनी, वर्षांनी दुखले तर

पायात काटा मोडून राहिला, तर त्याच्याभोवतीचे मांस कठीण होते. परक्या वस्तूला शरीर असे वेढून टाकते. पिशवीभोवतीही शरीर पातळ अस्तर तयार करते. ते सगळ्यांनाच येते, त्याचे भय नाही. पण कोणाकोणाचे अस्तर जाड होऊन पिशवीला आवळते. मग छाती घट्ट होते, आकार बदलतो, दुखते. विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्या बायांना हा त्रास जास्त होतो. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे.

पिशवी जन्मभर टिकत नाही. पाण्याची पिशवी फुटली, तर छाती लवकर बसते आणि ते कळते. गराची फुटली, तर पुष्कळदा काहीच कळत नाही. म्हणून दुखत नसले तरी पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावे, आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी करावे.

काही वर्षांनी एकच बाजू सुजली, छातीत किंवा काखेत गाठ लागली, तर अजिबात वेळ घालवू नये. खरखरीत पिशवीभोवती क्वचित एक वेगळा कर्करोग होतो. याच कारणाने २०१९ साली अशा काही पिशव्या जगभरच्या बाजारातून परत घेतल्या गेल्या. हा रोग लवकर सापडला, तर पिशवी आणि अस्तर काढून बहुतेक बाया बऱ्या होतात. आणि ज्या रोगासाठी स्तन काढला, तो उलटला नाही ना, हेही तपासून घ्यावे लागते.

घरी काय करू नये

गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. ऑपरेशननंतर तिथली कातडी बधिर असते. चटका बसला तरी कळत नाही, आणि फोड येतो. जोराने चोळू नये. लेप लावू नये. दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नयेत. कोणाकडूनही सुई टोचून पाणी काढून घेऊ नये. ते पाणी तपासावे लागते.

जाताना काय न्यावे

पिशवीबरोबर एक कार्ड मिळते. त्यावर पिशवीची जात, नंबर आणि तारीख असते. ते आणि ऑपरेशनचे कागद जपून ठेवावेत. ज्यांनी ऑपरेशन केले त्या डॉक्टरांकडे जावे. ते लांब असतील, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात कागद घेऊन जावे. लाज वाटत असेल तर बाई डॉक्टर आहेत का, असे विचारावे. बहिणीला, जावेला सोबत न्यावे. आणि घरातल्या पुरुषांनी हे ध्यानात ठेवावे : तिने सांगितले, तर "होईल बरं" म्हणू नका. गाडीची सोय करा.

वाचा आणि सांगा

१. कोणते दुखणे साधे समजावे?
२. गरम पाण्याने का शेकू नये?
३. दुखत नसले तरी तपासणी का करावी?