बाळाचं मुख : लेखांक ५
टाळूवरचे मोती

‘बाळाच्या टाळूवर दाणे आलेत,’ असं सुनेनं सांगितलं की आजीचा हात आधी बाळाच्या डोक्याकडे जातो. टाळू म्हटलं की आपल्याला तेल भरायची टाळूच आठवते. सून बोलत असते तोंडातल्या टाळूबद्दल. बाळ जांभई देतं, रडतं आणि वर मधोमध मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसतात. कधी ते हिरडीच्या कडेवर असतात. मग ‘दात घेऊनच जन्मलं की काय’ ही कुजबुज सुरू होते.

ते दात नव्हेत. पू नाही, जंतही नाहीत. पोटात असताना बाळाची टाळू दोन बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळते, साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत. त्या शिवणीत त्वचेच्या काही पेशी अडकून राहतात आणि त्यांच्याभोवती केराटिन साठतं, आपल्या नखांत आणि केसांत असतं तेच. हिरडीवरच्या दाण्यांचं मूळ वेगळं: ज्या पट्टीतून दुधाच्या दातांचे कोंब फुटतात, तिचे हे उरलेले तुकडे. प्रागचे बालवैद्य अलोइस एपस्टाइन यांनी 1880 मध्ये टाळूवरच्या दाण्यांचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर त्यांना ‘एपस्टाइन पर्ल्स’ म्हणतात. मोती हे नाव मला फार आवडतं, कारण ते ऐकून आईची भीती निम्मी ओसरते. निम्म्याहून अधिक नवजात बाळांच्या तोंडात असे दाणे सापडतात. दुखत नाहीत, दूध ओढायला अडवत नाहीत. काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत आपसूक फुटून जातात.

माझी काळजी दाण्यांची नाहीच, त्यांच्यावर होणाऱ्या इलाजांची आहे. उल्हासनगरच्या कॅम्पातलं सिंधी घर असो, अंबरनाथची चाळ असो की बदलापूर गावातला वाडा, कुणीतरी सुईनं टोचायला सांगतं, कुणी मिठाचं बोट फिरवायला. टोचल्यानं कोवळ्या हिरडीत जंतू शिरतात. त्याहून घातक म्हणजे टाकणखाराची लाही मधात कालवून चोळणं. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो तान्ह्याच्या अंगात साठला तर झटके येऊ शकतात. मधातून बोट्युलिझमचे बीजाणू जाऊ शकतात, म्हणून वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नको. आजींनो, तुमची माया मला कळते, पण एवढं माझं ऐका.

करायचं ते थोडंच आहे. हात साबणानं धुवा, उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ मऊ फडकं भिजवून पिळा आणि दिवसातून एकदा हिरड्या हलकेच पुसा. दाणे खरवडू नका.

गालाच्या आत, जिभेवर दह्यासारखे चट्टे असतील आणि पुसून जात नसतील, तर ती बुरशी; तिला औषध लागतं. गाठ वाढत असेल, निळसर दिसत असेल, रक्त येत असेल किंवा बाळ दूध सोडत असेल, तर उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय किंवा जवळचे बालरोगतज्ज्ञ गाठा. आशाताई बाळाला पाहायला घरी येतात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशीच्या फेरीत त्यांना बाळाचं तोंड उघडून दाखवा.

आणि हिरडीवरचा दाणा टणक लागून हलत असेल, तर तो खरोखर दात असू शकतो. दोन-तीन हजारांत एखादं बाळ दातासकट जन्मतं. असं बाळ मामाला वाईट, हा निव्वळ समज आहे; पण दात सैल असेल तर घशात जाण्याचा धोका असतो. पुढच्या आठवड्यात त्याबद्दल.